मालक गेले, ढीग राहिले

प्रस्तावना

अणुऊर्जेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. हिरोशिमा आणि नागासाकी, चेर्नोबिल, तारापूर, जैतापूर ही नावे आपल्या वाचकाला नवी नाहीत. अणुभट्टी कशी चालते आणि वापरलेल्या इंधनाचे काय करायचे, हे वादही आपण वर्तमानपत्रांतून वाचलेले असतात. या साखळीचे पहिले टोक मात्र सहसा नजरेआड राहते. भट्टीत जाणारे युरेनियम आधी जमिनीतून काढावे लागते, मग दगडातून वेगळे करावे लागते. ते वेगळे करणारे कारखाने, म्हणजे युरेनियम मिल, एक ना एक दिवस बंद पडतात. पुढील पानांत आहे ती या बंद पडलेल्या मिलची, त्यांनी मागे टाकलेल्या किरणोत्सारी वाळूची आणि ती आवरण्याच्या खटाटोपाची हकिकत.

यातला बराचसा भाग अमेरिकेत घडतो. कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्ये जिथे एकमेकांना भिडतात, त्या कोरड्या पठारावर दुसऱ्या महायुद्धानंतर युरेनियमचा हंगाम आला. अण्वस्त्रांसाठी माल हवा होता. तिथल्या अणुऊर्जा आयोगाने १९४८ पासून हमीभाव दिला, आणि फावडे-कुदळ घेऊन निघालेल्या हौशानवशांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळे कामाला लागले. सरकारची ही खरेदी १९७० पर्यंत चालली. ती आटत गेली तशा मिल बंद पडत गेल्या. यंत्रे भंगारात गेली, कंपन्या विकल्या गेल्या, काहींची नावे बदलली, काहींचे दिवाळे निघाले. ढीग जागच्या जागी राहिले.

ढिगात काय असते ते आधी पाहू. मिलमध्ये खनिज फोडतात, दळतात आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मुरवतात. चुनखडीचा अंश जास्त असेल तर ॲसिडऐवजी अल्कली वापरतात. युरेनियम द्रावणात उतरते. ते वेगळे काढून वाळवले की हाती पिवळी पूड येते, तिला यलोकेक म्हणतात. कोलोरॅडो पठारावरच्या बऱ्या प्रतीच्या एक टन खनिजातून असा माल निघे दोन-अडीच किलो. बाकीचा सगळा ऐवज वाळू, चिखल आणि आंबट पाणी यांच्या रूपात पाइपने मिलच्या मागच्या तळ्यात सोडला जाई. यालाच टेलिंग्ज म्हणतात.

आता खरी गोम. युरेनियम काढून घेतले तरी खनिजातली सुमारे ८५ टक्के किरणोत्सारिता त्या गाळात तशीच राहते. युरेनियमचे अणू कोट्यवधी वर्षे फुटत असतात आणि त्यांच्यापासून थोरियम, रेडियम, रेडॉन अशी वंशावळ तयार होत असते. मिल त्यातला मूळ पुरुष तेवढा उचलून नेते, वंशज मागे राहतात. थोरियम-२३० चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, सुमारे ७५ हजार वर्षांचे आहे. त्याच्यापासून रेडियम-२२६ होते, त्याचे अर्धायुष्य १,६०० वर्षे. रेडियमपासून रेडॉन होतो. हा वायू आहे. जेमतेम पावणेचार दिवसांच्या अर्धायुष्यात तो ढिगातून बाहेर पडतो, हवेत मिसळतो, आणि त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमसारखे घन कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. थोरियम आहे तोवर रेडियम संपत नाही आणि रेडियम आहे तोवर रेडॉन थांबत नाही. शिवाय गाळात आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम, नायट्रेट असे किरणोत्साराशी संबंध नसलेले पदार्थही असतात आणि ते पाण्याबरोबर खाली झिरपतात.

इतके असूनही अणुऊर्जा आयोग वर्षानुवर्षे म्हणत राहिला की, या ढिगांवर आमचा अधिकार चालत नाही. त्याला नियमाचा आधार होता. ज्या पदार्थात वजनाने ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी युरेनियम असेल तो परवान्याच्या कक्षेत येत नसे, आणि टेलिंग्जमध्ये युरेनियम त्याहून कमीच उरे. विकायचे होते तेवढेच मोजले गेले. रेडियम कोणाच्या हिशेबातच नव्हते. या विषयातल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ इथे आहे, म्हणून वाचकाने हा ०.०५चा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

त्याचा परिणाम सर्वांत ढळढळीतपणे दिसला तो कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन या शहरात. क्लायमॅक्स कंपनीची मिल तिथे १९५१ ते १९७० या काळात चालली. मिलची वाळू बारीक, धुतलेली, एकसारख्या दाण्याची, आणि मुख्य म्हणजे फुकट. ठेकेदार ट्रक भरभरून नेत. घराच्या जमिनीचे काँक्रीट ओतण्याआधी ती खाली पसरली गेली, पायाच्या कडेने भरली गेली, नळांच्या आणि सांडपाण्याच्या चरांत टाकली गेली, गिलाव्यात कालवली गेली. शाळांच्या आणि फुटपाथांच्या खालीही ती गेली. मग तिच्यातला रेडॉन फरशीच्या भेगांतून वर येऊन बंद खोल्यांत साठू लागला. साठच्या दशकाच्या मध्यावर आरोग्य अधिकाऱ्यांच्या हे लक्षात आले, तोवर शहर वाळूवर उभे राहून चुकले होते. १९७२ मध्ये संसदेने एकट्या या गावासाठी कायदा केला. पुढच्या काळात माणसे मोजणीयंत्र घेऊन घरोघर फिरली. जिथे आकडा चढा निघाला तिथे सामान हलवायचे, फरशी फोडायची, खालची वाळू उपसायची, स्वच्छ भराव टाकायचा आणि पुन्हा काँक्रीट ओतायचे, असे चार हजारांहून अधिक ठिकाणी करावे लागले. शहराबाहेर ज्या खड्ड्यात हा माल नेऊन पुरला, तो अजूनही पूर्ण बुजवलेला नाही, कारण रस्ता किंवा जुनी पाइपलाइन खोदताना अधूनमधून वाळू सापडतच असते.

देशभरासाठी कायदा आला तो ८ नोव्हेंबर १९७८ रोजी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने. त्याने मिलचे दोन गट केले. ज्यांना वाली उरला नव्हता अशा जुन्या मिल पहिल्या गटात आल्या. त्यांची संख्या पुढे २४ झाली. त्यांची सफाई ऊर्जा खात्याने करायची, खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने आणि १० टक्के राज्याने उचलायचा, आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर मात्र सगळा खर्च केंद्राचा. चालू मिल दुसऱ्या गटात. तिथे जबाबदारी परवानाधारक कंपनीची. निकष पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवायचे आणि काम निकषांत बसते की नाही ते अणुनियामक आयोगाने पाहायचे. पहिल्या गटातले जमिनीवरचे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आटोपले. तोपर्यंत सुमारे चार कोटी घनयार्ड, म्हणजे तीन कोटी घनमीटर माल हलवला किंवा झाकला गेला होता, आणि पाच हजारांहून अधिक घरे, दुकाने, मोकळ्या जागा साफ झाल्या होत्या.

कायदा कागदावर आला आणि वर्षाच्या आतच चर्च रॉकची घटना घडली. १६ जुलै १९७९ च्या पहाटे न्यू मेक्सिकोतल्या युनायटेड न्यूक्लिअर कंपनीच्या तळ्याचा मातीचा बांध फुटला. बांधाखालची जमीन असमान खचत होती आणि तडे गेल्याच्या नोंदी आधीच झालेल्या होत्या. सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी आणि ११०० टन गाळ प्वेर्को नदीत उतरला. त्या पात्रावर नावाहो आदिवासींची मेंढरे पाणी पीत. थ्री माइल आयलंड इथल्या अणुभट्टीचा अपघात होऊन साडेतीन महिनेच झाले होते. त्या अपघातावर जगभर लिहिले गेले. घनफळाने पाहिले तर अमेरिकेतली किरणोत्सारी पदार्थांची सर्वांत मोठी गळती चर्च रॉकची आहे, पण तिचे नाव तिथेही फार थोड्यांना माहीत आहे. काही महिन्यांतच ती मिल पुन्हा सुरू झाली.

सफाई म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, हा या पुस्तकाचा गाभा आहे. किरणोत्सारी पदार्थ जाळून, धुऊन किंवा औषध मारून नाहीसा होत नाही. तो एका जागी गोळा करायचा आणि त्याला हवा, पाणी, माणूस यांच्यापासून दूर ठेवायचे, एवढेच हाती असते. त्यासाठी जी रचना करतात तिला डिस्पोजल सेल म्हणतात. न्यू मेक्सिकोत सॅन ह्वान नदीच्या वरच्या कड्यावर शिप्रॉक गावात अशी एक आहे. तिथली मिल १९५४ ते १९६८ चालली आणि सेल १९८६ मध्ये पुरी झाली. दुरून पाहणाऱ्याला धरणाचा भराव वाटावा असा तो सपाट, राखाडी उंचवटा आहे. पोटात मिलची वाळू आणि आसपासची खरवडलेली माती, रोलर फिरवून दाबलेली. तिच्यावर चिकणमातीचा दाबून घट्ट केलेला जाड थर. रेडॉनला या मातीतून वर यायला इतका वेळ लागावा की, वाटेतच त्याचा बहुतेक भाग क्षय पावावा, असा हिशेब. त्यावर वाळूचा पातळ थर, आणि सर्वांत वर मोठ्या दगडांचे पिचिंग, पावसाने आणि वाऱ्याने झीज होऊ नये म्हणून. दर सेकंदाला दर चौरस मीटरमधून २० पिकोक्युरीपेक्षा (क्युरी हे किरणोत्सारितेचे एकक) जास्त रेडॉन बाहेर पडता कामा नये, हा निकष. अशा प्रत्येक जागी ग्रॅनाइटचा एक दगड बसवतात. त्यावर जागेचा नकाशा, सेल बंद केल्याची तारीख, आत किती टन माल आहे आणि त्यात किती क्युरी रेडियम आहे हे कोरलेले असते.

हे किती काळ टिकायला हवे? नियम सांगतो, वाजवीपणे साधेल तिथवर हजार वर्षे, आणि काहीही झाले तरी निदान दोनशे वर्षे. दोनशे वर्षांपूर्वी पेशवाई नुकतीच बुडालेली होती. हजार वर्षे मागे गेलो तर ज्ञानेश्वरांच्या जन्माला अजून अडीचशे वर्षे अवकाश आहे. एवढा काळ मातीचा भराव सांभाळण्याची हमी कोणताही अभियंता छातीठोकपणे देऊ शकत नाही, आणि दिली तरी थोरियमच्या ७५ हजार वर्षांपुढे ती तोकडीच पडते. म्हणून या कामाला सफाई म्हणायला मी कचरतो. ही राखण आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यालाही अखेर ते मान्य करावे लागले. २००३ मध्ये त्याने अशा जागांची कायमची देखरेख करणारे वेगळे कार्यालय काढले. त्याची माणसे दरवर्षी प्रत्येक सेलवर चालत जाऊन कुंपण, दगड, भेगा आणि उगवलेली झुडपे पाहतात.

झुडपांचे प्रकरण मोठे बोधक आहे. पहिल्या पिढीच्या अभियंत्यांनी वर दगड रचले, ते धूप थांबवण्यासाठी. पण दगडांखाली ओल टिकते, वाऱ्याने आलेली माती फटींत साठते आणि तिथे रोपटी धरतात. त्यांची मुळे चिकणमातीत घुसली, माती सुकून तडकली, आणि जी पाण्याला अभेद्य मानली होती तिच्यातून अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त पाणी जाऊ लागले. सुरुवातीला झाडे मारण्याची औषधे फवारली गेली. पुढे काही शास्त्रज्ञांनी उलट बाजूने विचार केला. युटातल्या माँटिसेलो इथे त्यांनी जाड मातीचे आच्छादन घालून त्यावर तिथलीच झुडपे आणि गवत मुद्दाम लावले. पावसाचे पाणी मातीने धरून ठेवायचे आणि झाडांनी ते पुन्हा हवेत सोडायचे, म्हणजे खालपर्यंत पोहोचणारच नाही, अशी ही योजना. निसर्गाला बाहेर ठेवण्याचा हट्ट सोडून त्यालाच कामाला लावणे, हा या क्षेत्राने पन्नासेक वर्षांत शिकलेला सर्वांत मोलाचा धडा आहे.

भूजलाच्या बाबतीत इतके समाधान नाही. वायोमिंगमधल्या रिव्हर्टनची मिल शोशोनी आणि अरापाहो या आदिवासींच्या राखीव प्रदेशात होती. तिथला ढीग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पूर्ण उचलून दुसरीकडे नेला. खालचे दूषित पाणी नदीकडे वाहत जाऊन शंभर वर्षांच्या आत आपोआप स्वच्छ होईल, असा अंदाज बांधला. २०१० मध्ये पूर आला आणि विहिरींतले युरेनियमचे प्रमाण एकदम वाढले. पुराने जमिनीच्या वरच्या थरात अडकलेले युरेनियम विरघळवून खाली नेले होते, आणि त्या थराचा विचार गणितात नव्हता. ढीग गेला म्हणून जागा शुद्ध झाली असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

युटातल्या मोआबची कथा पैशाची आहे. १९५२ मध्ये चार्ल्स स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भतज्ज्ञाला जवळच युरेनियमचे मोठे घबाड लागले आणि १९५६ मध्ये कोलोरॅडो नदीच्या काठाला मिल उभी राहिली. पुढे ती ॲटलस कंपनीने घेतली, १९८४ मध्ये बंद केली. १३० एकरांवर सुमारे १ कोटी ६० लाख टनांचा ढीग उरला, आणि खालच्या अंगाला कोट्यवधी लोक याच नदीचे पाणी पितात. ढीग जागीच झाकायचा विचार चालू असतानाच १९९८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तिने हमी म्हणून ठेवलेली रक्कम प्रत्यक्ष खर्चापुढे किरकोळ होती. २००१ मध्ये ढीग ऊर्जा खात्याच्या गळ्यात पडला, २००५ मध्ये तो हलवण्याचा निर्णय झाला आणि एप्रिल २००९ पासून रेल्वेगाड्या धावू लागल्या. ओला गाळ उकरून पसरायचा, सुकू द्यायचा, झाकणाच्या पोलादी पेट्यांत भरायचा, पेट्या बाहेरून धुवायच्या, क्रेनने वाघिणींवर चढवायच्या आणि ३० मैलांवरच्या क्रेसेंट जंक्शनला शेल खडकाच्या जाड थरात खोदलेल्या सेलमध्ये रित्या करायच्या. एका गाडीला अशा शंभराहून अधिक पेट्या. दीड दशकाहून जास्त काळ हेच काम चालले, आणि खर्चाचा अंदाज अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. नफा कंपनीने घेतला, बिल करदात्याकडे आले.

या सगळ्यात सर्वाधिक सोसले ते नावाहो लोकांनी. १९४४ ते १९८६ या काळात त्यांच्या भूमीतून जवळजवळ तीन कोटी टन खनिज निघाले. पाचशेहून अधिक सोडून दिलेल्या खाणी आणि शिप्रॉक, ट्यूबा सिटी, मेक्सिकन हॅट, मॉन्युमेंट व्हॅली या चार जुन्या मिल त्यांच्या वाट्याला आल्या. खाणीत काम केलेल्या पुरुषांना फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठले. त्यांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला. मिलमध्ये राबलेल्यांचा त्यात समावेश व्हायला २००० साल उजाडावे लागले. २००५ मध्ये नावाहो राष्ट्राने आपल्या भूमीत युरेनियम खाणकामावर बंदीच घातली.

अमेरिकेबाहेर काय झाले याचीही थोडी ओळख पुढे येते. पूर्व जर्मनीत सोव्हिएत-जर्मन व्हिस्मुट कंपनीने १९९० पर्यंत प्रचंड उपसा केला. एकीकरणानंतर जर्मन सरकारने ती सगळी जबाबदारी अंगावर घेऊन अब्जावधी युरो ओतले, आणि रोनेबुर्गच्या जुन्या खाणपट्ट्यात २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन भरवले. किर्गिझस्तानातल्या मायलू-सू खोऱ्यात मात्र सोव्हिएत काळातले २३ ढीग दरडी कोसळणाऱ्या उतारांवर, नदीलगत पडून राहिले. तिथे १९५८ मध्ये एक बांध फुटून गाळ नदीत गेला होता. दोन्हीकडचे ढीग एकाच युगाचे. फरक पडला तो मागे ऐपतीचे सरकार उभे होते की नाही याने.

मग मराठी वाचकाने हे का वाचावे? झारखंडमधल्या जादूगुडाला आपली पहिली युरेनियम खाण १९६७ मध्ये सुरू झाली. तिथले खनिज कोलोरॅडोपेक्षा कितीतरी हलक्या प्रतीचे, म्हणजे एक किलो युरेनियमामागे गाळ तितकाच जास्त. जाड वाळू खाणीच्या पोकळ्यांत परत भरतात, बारीक गाळ डोंगरांमधल्या तळ्यांत साठवतात. त्या तळ्यांच्या आसपास संथाळ आणि हो आदिवासींची गावे आहेत. डिसेंबर २००६ मध्ये गाळ नेणारी पाइपलाइन फुटून तो ओढ्यात गेला होता. तिथल्या लोकांच्या आरोग्याबद्दल खाण चालवणारी कंपनी आणि कार्यकर्ते यांचे दावे परस्परविरोधी आहेत. तिथल्या मिल आज चालू आहेत, त्यांना मालक आहे. आणि ज्या अणुऊर्जा विभागाच्या हाताखाली त्या चालतात त्याचे मुख्यालय मुंबईत आहे, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे नियामक मंडळ अणुशक्तीनगरात. जादूगुडाच्या गाळाचे शंभर वर्षांनी काय व्हायचे, याचे निर्णय आपल्या मुंबईत होतात.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. आधी मिल आणि तिचा गाळ, मग एकेका गावाची कहाणी, नंतर आच्छादनांचे आणि भूजलाचे विज्ञान, शेवटी कायदा आणि पैसा. विज्ञानाची प्रकरणे अवघड वाटली तर ती मागे ठेवून पैशाचे प्रकरण आधी वाचायला हरकत नाही. अमेरिकेत आज दुसऱ्या गटातली, म्हणजे परवानाधारक, कंपनी आपली जागा सरकारला सोपवते तेव्हा तिला कायमच्या देखरेखीसाठी १९७८ च्या किमतीने किमान अडीच लाख डॉलर भरावे लागतात. त्या रकमेच्या व्याजावर अनंत काळ राखण व्हावी, ही अपेक्षा. ही रक्कम पुरेशी आहे का, हा वाद होऊ शकतो. पण कंपनी निघून जाण्याआधीच पैसे मागायचे असतात, एवढे शहाणपण तिथे अब्जावधी डॉलर खर्चून आले आहे.

आपल्याला ते फुकट मिळते आहे. तेव्हा आपल्या जवळपास युरेनियमचा असो की दुसऱ्या कोणत्या खनिजाचा, कारखाना यायचा असेल, तर रोजगार आणि वीज यांच्या आकड्यांबरोबर तीन गोष्टी विचाराव्यात: गाळ नेमका कुठे राहणार, कारखाना बंद करण्याचा खर्च आज कोणाकडे जमा आहे, आणि कंपनी नसेल तेव्हा जागेवर पाहणीला कोण येणार. या तिन्हींची उत्तरे लेखी मिळत नसतील, तर त्या प्रकल्पाची खरी किंमत अजून कोणी सांगितलेली नाही, असे खुशाल समजावे.